न घडलेल्या घटनेचा माणूस

१

‘लाइनमन’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर विजेच्या खांबावर चढलेला माणूस उभा राहतो. दिवे चालू आहेत तोवर त्याची आठवण कुणाला होत नाही. दिवे गेले की मात्र गावभर त्याचा शोध सुरू होतो. प्रस्तुत लेख ज्या लाइनमनविषयी आहे तो अमेरिकेतला, व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळणारा. दोघांच्या कामात काही साम्य नाही. पण विस्मरणाचा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे.

काही महिन्यांपूर्वी आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारावरील एका चर्चासत्रात बोलताना मी मायकेल ओरियार्ड या माजी लाइनमनच्या ‘द एंड ऑफ ऑटम’ (१९८२) या पुस्तकाचा उल्लेख केला. समारोपात अध्यक्ष महाशयांनी माझी मिश्कील दखल घेतली. खेळाडूंची पुस्तके ग्रंथालयात असावीत, अभ्यासात नकोत, असे त्यांचे मत. आणि त्यातही जो फारसा खेळलाच नाही अशा राखीव खेळाडूचे आत्मचरित्र वाचून साहित्याच्या विद्यार्थ्याने करायचे काय, असा त्यांचा सवाल. सभागृहात हशा पिकला. त्या हशात आमचे काही विद्यार्थीही सामील होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्याचे नाव कीर्तिफलकावर नाही, ज्याच्या खात्यावर एकही विक्रम नाही, अशा मधल्या फळीतल्या खेळाडूची कारकीर्द हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय आहे. कारण तिच्याशी गाठ पडली की आपल्या कथनाच्या सवयी उघड्या पडतात. आपण कुणाला नायक म्हणतो, कशाला घटना म्हणतो, आणि नायक नसलेल्या माणसाबद्दल बोलायची वेळ आली की कोणत्या तयार साच्यांकडे धावतो, हे प्रश्न लाइनमनइतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी उभे केले असतील.

२

खेळाची ओळख नसलेल्या वाचकांसाठी आवश्यक तेवढेच सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला अकरा जण. चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न. या प्रत्येक प्रयत्नाला आपण ‘चाल’ म्हणू. चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत पाच जण वाकून बसलेले असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, टोकांना टॅकल. हे पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. चेंडू फेकतो क्वार्टरबॅक, घेऊन धावतात दुसरे, झेलतात तिसरे. या पाच जणांनी समोरून अंगावर येणाऱ्यांना अडवायचे, एवढेच. सर्वसाधारण चालीत पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचीही त्यांना मुभा नाही.

यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. प्रत्येक चालीत चेंडूला पहिला हात सेंटरचा लागतो. तो खाली वाकून दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि त्याच क्षणी, मान वर होते न होते तोच, समोरच्याला भिडतो. म्हणजे या खेळातली प्रत्येक गोष्ट त्याच्यापासून सुरू होते. पण प्रेक्षकाच्या लेखी खेळ सुरू होतो तो चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात आल्यावर. त्याआधीचे सारे जणू मंगलाचरण.

आणि ‘अडवणे, एवढेच’ असे मी वर लिहिले, तेही प्रेक्षकाच्याच भाषेत. प्रत्यक्षात चेंडू सुटण्यापूर्वीच्या चार-सहा सेकंदांत सेंटरला समोरच्या बचावाची मांडणी वाचावी लागते. कोण कुठून घुसणार याचा अंदाज बांधून सांकेतिक शब्दांत शेजाऱ्यांना कळवावे लागते, आणि पाचही जणांनी एका क्षणी एकच अर्थ लावावा लागतो. एकाने निराळा लावला तर क्वार्टरबॅक जमिनीवर. चेंडू सुटण्याआधी कुणी नुसता दचकला तरी पाच यार्डांचा दंड. मागे सरकत, तोल न जाऊ देता, आपल्याइतक्याच दांडग्या आणि बहुधा अधिक चपळ माणसाला दोन-तीन सेकंद रोखून धरणे हे अंगमेहनतीइतकेच वाचनाचे काम आहे. पॉल झिमरमन या क्रीडालेखकाने १९८४ च्या आपल्या पुस्तकात संघनिवडीच्या वेळी घेतल्या जाणाऱ्या वंडरलिक या बुद्धिचाचणीचे जागांनुसार सरासरी गुण छापले. त्यांत टॅकल पहिले, सेंटर त्यांच्या खालोखाल, आणि क्वार्टरबॅक त्यांच्याही मागे. अशा चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण ‘मठ्ठ धिप्पाड गडी’ या प्रतिमेवर ज्यांचा आहे त्यांनी ही यादी अवश्य पाहावी.

३

आता मुख्य माणसाकडे वळू. ओरियार्डचा जन्म १९४८ चा, वाढला वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात. नोत्र दाम विद्यापीठाच्या संघात तो क्रीडा-शिष्यवृत्तीशिवाय, स्वतः होऊन चाचणी देऊन शिरला. पुढे तिथला पहिला सेंटर झाला आणि १९६९ च्या हंगामात सहकर्णधार. १ जानेवारी १९७० रोजी कॉटन बोलमध्ये नोत्र दाम संघ टेक्सासकडून २१-१७ असा हरला. नोत्र दामसाठी तो पंचेचाळीस वर्षांतला पहिला बोल सामना होता. त्यानंतर दहाच दिवसांनी कॅन्सस सिटी चीफ्सने मिनेसोटा व्हायकिंग्जला २३-७ असे हरवून सुपर बोल जिंकला. आणि त्याच वर्षी या विजेत्या संघाने ओरियार्डला पाचव्या फेरीत निवडले. तिथे सेंटरच्या जागेवर जॅक रडने होता. तो पुढे १९८२ पर्यंत तिथेच राहिला. ओरियार्ड १९७० ते १९७३ असे चार हंगाम मुख्यत्वे राखीव म्हणून खेळला. १९७४ चा खेळाडूंचा संप संपल्यावर, हंगामाच्या तोंडावर, त्याला काढून टाकण्यात आले. त्या वर्षी त्याने कॅनडातल्या हॅमिल्टन टायगर-कॅट्सकडून काही सामने खेळले. व्यावसायिक कारकीर्द संपली. वय सव्वीस.

इंग्रजीत अशा खेळाडूला ‘जर्नीमन’ म्हणतात. शब्दात प्रवास दडलेला दिसतो, आणि या संघातून त्या संघात भटकणारा असाच त्याचा अर्थ आज बहुतेक जण घेतात. मूळ मात्र निराळे आहे. फ्रेंच ‘जूर्ने’ म्हणजे दिवस, दिवसभराचे काम. उमेदवारी संपवलेला पण उस्ताद न झालेला, दुसऱ्याच्या कारखान्यात दिवसाच्या मजुरीवर काम करणारा कुशल कारागीर तो जर्नीमन. मराठीत ‘रोजंदार’ हा शब्द त्याच्या अगदी जवळ जातो. फरक इतकाच की आपला रोजंदार अकुशल मानला जातो आणि जर्नीमनची कारागिरी वादातीत असते. त्याला आपले काम उत्तम येते. फक्त कारखाना त्याचा नसतो.

हा अर्थ लक्षात घेतला की ‘जो फारसा खेळलाच नाही’ हा अध्यक्षांचा शेरा किती उथळ होता ते कळते. आजच्या नियमांनुसार प्रशिक्षण शिबिरात नव्वद जण येतात आणि हंगामासाठी त्रेपन्न उरतात. उरलेल्यांना निरोप द्यायला संघाचा एक माणूस खोल्यांवरून फिरतो. खेळाडूंच्या बोलीत त्याला ‘टर्क’ म्हणतात. त्याचे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले: प्रशिक्षकांनी बोलावले आहे, प्लेबुक घेऊन या. प्लेबुक म्हणजे संघाच्या सगळ्या चालींची वही. खेळाडूने ती महिनोन्‌महिने पाठ केलेली असते. पण ती संघाची मालमत्ता, जाताना परत करायची. करारातली रक्कम मोठी दिसते, परंतु तिच्यातला बराच भाग हमीचा नसतो. करार मोडला की उरलेले वर्ष कागदावर राहते. अशा व्यवस्थेत चार हंगाम टिकणे याला ‘फारसा न खेळणे’ म्हणण्याचा अधिकार प्रेक्षागृहात बसलेल्याला कुणी दिला?

४

मूळ मुद्दा याहून खोल आहे, आणि तो थेट आपल्या विषयाचा, कथनाचा आहे.

कथन घटनेवर उभे राहते. काहीतरी घडले, म्हणून सांगण्यासारखे झाले. पण लाइनमनचे काम यशस्वी होते तेव्हा काहीच घडत नाही. समोरचा माणूस क्वार्टरबॅकपर्यंत पोचला नाही, पाय मोडला नाही, चेंडू निसटला नाही. त्याच्या यशाची व्याख्याच नकारार्थी आहे. घटना घडते ती त्याच्या अपयशात. क्वार्टरबॅकला जमिनीवर लोळवण्याला ‘सॅक’ म्हणतात. १९८२ पासून तिची अधिकृत नोंद होऊ लागली, आणि ती पाडणाऱ्याच्या खात्यावर. रोखलेल्या सॅकचा अधिकृत रकाना नाही. प्रतिस्पर्ध्याला हाताने धरून ठेवले तर दहा यार्डांचा दंड होतो, आणि पंच ध्वनिक्षेपकावरून त्याच्या पाठीवरचा क्रमांक सबंध मैदानाला ऐकवतो. दुपारभर साठ वेळा चोख काम केलेल्या माणसाची ओळख प्रेक्षकांना होते ती एकसष्टाव्या वेळी, आरोपी म्हणून.

याचा परिणाम पुरस्कारांत दिसतो. सुपर बोलमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान आजवर एकाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला मिळालेला नाही. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूसाठी असोसिएटेड प्रेस जो पुरस्कार देते, तोही नाही. चीफ्सच्या त्या १९७० मधल्या विजयाचेच उदाहरण घ्या. हँक स्ट्रॅम या प्रशिक्षकाच्या अंगावर चित्रीकरणासाठी ध्वनिक्षेपक लावलेला होता, त्यामुळे ‘६५ टॉस पॉवर ट्रॅप’ ही चाल त्याच्या तोंडून अजरामर झाली. तिच्यावर माइक गॅरेट पाच यार्ड धावत जाऊन गुण घेऊन आला. सामन्याचा मानकरी ठरला क्वार्टरबॅक लेन डॉसन. आता ‘ट्रॅप’ म्हणजे काय? समोरच्या एकाला मुद्दाम न अडवता आत येऊ द्यायचे आणि आपल्या लाइनमधल्या दुसऱ्याने बाजूने येऊन त्याला उडवायचे. म्हणजे चालीच्या नावातच लाइनमनचे काम आहे. लोकांच्या स्मरणात राहिले ते प्रशिक्षकाचे बोलणे आणि गॅरेटचे धावणे. सापळ्याला नाव मिळाले, सापळा लावणाऱ्याला मिळाले नाही.

हा प्रेक्षकांचा अडाणीपणा आहे असे म्हणून सुटका होणार नाही. ओरियार्डने नंतर प्राध्यापक म्हणून लिहिलेल्या ‘रीडिंग फुटबॉल’ (१९९३) या ग्रंथात नेमका हाच प्रश्न इतिहासाच्या अंगाने हाताळला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दूरचित्रवाणी तर सोडाच, आकाशवाणीही नव्हती तेव्हा, अमेरिकी वृत्तपत्रांनी या खेळाचे वर्णन करता करता त्याला अर्थ दिला, नायक दिले, कथानक दिले, हे त्याने दाखवून दिले. बालीतील कोंबड्यांच्या झुंजीवरचा क्लिफर्ड गीर्ट्झचा १९७२ चा निबंध आपल्यापैकी अनेक जण वर्गात शिकवतात. खेळ ही एक संहिता आहे हे त्याचे सूत्र ओरियार्ड उचलतो, पण त्या संहितेचा एकच एक अर्थ मानायला नकार देतो. पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांना खप हवा होता, खपाला नायक हवा होता, आणि नायकाच्या हातात चेंडू असणे सोयीचे होते. ज्या माणसाने हे संशोधन केले तो स्वतः चेंडू मागे देऊन नजरेआड होणाऱ्या जागेवर वर्षानुवर्षे वाकून बसलेला होता. मला हा योगायोग वाटत नाही.

५

लाइनमनबद्दल बोलायचेच झाले तर तीन साचे तयार असतात. तिन्ही सहृदय दिसतात, आणि म्हणूनच त्यांचा समाचार घ्यायला हवा.

पहिला साचा ‘अप्रसिद्ध वीरा’चा. अमेरिकी समालोचक पुढच्या फळीला ‘खंदक’ म्हणतात. तिथे निमूटपणे झुंजणाऱ्यांना कुणी ओळखत नाही अशी खंत दर रविवारी लक्षावधी लोकांना ऐकवतात. याचे गुणगान होत नाही, याचेच गुणगान अव्याहत चालते. जॉन मॅडन हा समालोचक स्वतः एके काळचा लाइनमन. १९५८ मध्ये फिलाडेल्फियाने निवडलेला, पण गुडघ्याच्या दुखापतीमुळे एकही सामना न खेळलेला. थँक्सगिव्हिंगच्या सामन्यानंतर तो चमकलेल्या खेळाडूंना टर्कीची तंगडी बक्षीस द्यायचा, आणि लाइनमनचा त्यात मोठा मान असे. वॉशिंग्टनच्या १९८० च्या दशकातल्या गाजलेल्या लाइनला तिच्या प्रशिक्षकाने ‘हॉग्ज’, म्हणजे डुकरे, असे नाव दिले. चाहते डुकराची नाके लावून मैदानावर येत. यात प्रेम होते हे मी मान्य करतो. त्या खेळाडूंनी ते नाव अभिमानाने मिरवले हेही खरे. पण क्वार्टरबॅकला कुणी लाडाने डुक्कर म्हणत नाही आणि तंगडी देऊन त्याची बोळवण करत नाही. कौतुकाची भाषा इथे हिशेबाच्या भाषेची जागा घेते. निःस्वार्थ म्हणून गौरवलेल्या माणसाला आपला मोबदला मागणे जड जाते.

दुसरा साचा उद्धाराचा. मायकेल लुइसचे ‘द ब्लाइंड साइड’ हे पुस्तक २००६ चे. त्याचा आरंभ उत्तम आहे: १८ नोव्हेंबर १९८५ रोजी लॉरेन्स टेलरने जो थाइसमनचा पाय मोडला तो प्रसंग, आणि तिथून क्वार्टरबॅकच्या नजरेआडची बाजू राखणाऱ्या लेफ्ट टॅकलचा भाव कसा वधारला याची आर्थिक मीमांसा. पण लोकांना भावला तो दुसरा धागा, मायकेल ओहर या निराधार कृष्णवर्णीय मुलाला एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाने घरात घेतल्याचा. २००९ च्या चित्रपटात हाच धागा उरला. त्यात अडवणे म्हणजे काय हे या धिप्पाड मुलाला घरची बाई समजावून सांगते. ओहरने २०११ मध्ये स्वतःचे पुस्तक लिहून या चित्रणाला हरकत घेतली: खेळ त्याला आधीपासून येत होता. बाल्टिमोर, टेनेसी, कॅरोलिना असे तीन संघ, आठ हंगाम, दोन सुपर बोल अंतिम सामने, त्यांपैकी एक विजय, एवढी त्याची कारकीर्द. तरी जगाच्या लेखी तो कुणाच्या तरी दयेचा पुरावाच राहिला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने न्यायालयात सांगितले की आपल्याला कधी दत्तक घेतलेच नव्हते. २००४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आपल्यावर कायदेशीर पालकत्वाची व्यवस्था लादली गेली होती. पैशांविषयीचे आरोप त्या कुटुंबाने नाकारले आहेत आणि त्यांत कोण खरे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ती व्यवस्था संपुष्टात आणली, एवढे निश्चित. साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचे ते इतकेच: ज्याच्या नावाने गोष्ट सांगितली जाते तो त्या गोष्टीचा कर्ता असतोच असे नाही.

तिसरा साचा बळीचा. माइक वेब्स्टर, पिट्सबर्गच्या चार सुपर बोल विजयांतला सेंटर, २४ सप्टेंबर २००२ रोजी पन्नासाव्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि वारंवार आघातांनी होणाऱ्या मेंदूच्या ऱ्हासाविषयीचा निबंध २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर लाइनमनकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि बदलायलाच हवी होती. प्रत्येक चालीत डोक्याला बसणारा छोटा धक्का कुणी मोजत नव्हते. पण आता प्रत्येक लाइनमन हा चालताबोलता निदानपत्रक झाला आहे. जिम टायरर हा चीफ्सचा नामांकित टॅकल, ओरियार्डचा सहकारी. १५ सप्टेंबर १९८० रोजी त्याने पत्नीची हत्या करून आत्महत्या केली. त्या काळी मेंदूची अशी तपासणी होत नव्हती. त्यामुळे आज त्याच्याविषयी बोलणारे एकतर सर्व दोष त्याच्यावर टाकतात, नाहीतर सर्व आजारावर. त्याच्या पत्नीचे नाव दोन्ही पक्षांना सहसा आठवत नाही. चौदा हंगामांचे काम मात्र दोघांच्याही कथनातून नाहीसे होते.

वीर, उद्धरलेला आणि बळी. तिन्ही साच्यांत एक गोष्ट समान आहे: या माणसाला स्वतःच्या कामाविषयी काही ज्ञान असेल, मत असेल, वाक्य असेल, अशी शक्यताच त्यांत गृहीत धरलेली नाही.

६

‘द एंड ऑफ ऑटम’चे महत्त्व इथे आहे. हे पुस्तक विजयाची गोष्ट सांगत नाही आणि गाऱ्हाणेही मांडत नाही. लहानपणी या खेळाचे वेड कसे लागले, विद्यापीठात ते कसे फळाला आले, आणि व्यावसायिक खेळात शिरल्यावर त्या वेडाचे नोकरीत कसे रूपांतर झाले, हा त्याचा प्रवास. राखीव माणसाची दृष्टी त्याला लाभली आहे: संघाच्या आत, पण झोताच्या बाहेर. या काळात ओरियार्ड हंगाम संपला की स्टॅनफर्डला इंग्रजी साहित्याचा अभ्यास करत होता. १९७६ मध्ये त्याला तिथून पीएच.डी. मिळाली आणि पुढे २०१३ पर्यंत त्याने ओरेगन स्टेट विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले. अमेरिकी क्रीडा-कथात्म साहित्यावरचा त्याचा ‘ड्रीमिंग ऑफ हीरोज’ हा ग्रंथ या आत्मचरित्राच्याच वर्षी आला. एकाच वर्षी एका पुस्तकात नायकांची चिकित्सा आणि दुसऱ्यात नायक न झालेल्याचे आयुष्य. दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत अशी माझी शिफारस आहे.

१९७४ च्या संपाचा उल्लेख वर आला. ‘स्वातंत्र्य नाही तर फुटबॉल नाही’ ही त्या संपाची घोषणा. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला तर जुन्या संघाला भरपाई द्यावी लागे, आणि तिचा आकडा लीगचा आयुक्त ठरवी. त्यामुळे अशा खेळाडूला घ्यायला सहसा कुणी पुढे येत नसे. ऑगस्टमध्ये खेळाडू हात हलवत शिबिरात परतले. संप फसला, आणि ओरियार्डची नोकरी गेली. ती भरपाईची पद्धत न्यायालयांनी पुढे, १९७५-७६ मध्ये, बेकायदा ठरवली. खऱ्या अर्थाने मोकळीक यायला मात्र १९९३ उजाडले. या दीर्घ लढ्यात १९८३ ते २००८ अशी पंचवीस वर्षे खेळाडू संघटनेची धुरा जीन अपशॉ याच्याकडे होती. तो ओकलंडचा गार्ड, म्हणजे लाइनमनच. त्याच्या कारभारावर टीका करण्याजोगे बरेच आहे, विशेषतः वृद्ध, जायबंदी खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाबाबत. पण पुढच्या फळीतले लोक फक्त निमूट सोसतात, हा समज त्याच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येईल, आणि तो अध्यक्ष महाशयांच्या हशापेक्षा वजनदार आहे. ओरियार्ड प्रातिनिधिक आहे काय? त्याला परतीची वाट होती. त्याच्या हातात स्टॅनफर्डची पदवी होती. शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या हातात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा व्रण. आणि तो गोरा होता. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेल्व्होग या समाजशास्त्रज्ञांनी १९७० मध्येच दाखवले होते की या खेळातल्या ‘मध्यवर्ती’ जागा, सेंटर हीही त्यांतलीच एक, प्रामुख्याने गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला येतात आणि कृष्णवर्णीयांना कडेच्या जागांवर ढकलले जाते. म्हणजे ज्या जागेच्या अदृश्यतेबद्दल मी इतका वेळ बोलतो आहे ती जागाही वर्णभेदाच्या हिशेबातून वाटली गेली होती.

आक्षेप मला संपूर्ण मान्य आहे. त्याने निष्कर्ष मात्र बदलत नाही. लिहिता येणारा रोजंदार दुर्मिळ असतो म्हणून त्याचे पुस्तक बाद करायचे, तर आपल्या हाती फक्त तारांकितांची, त्यातही दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली, आत्मचरित्रे उरतील. ओरियार्डचे पुस्तक सर्व लाइनमनच्या वतीने बोलते असा दावा मी करत नाही. ते एका माणसाचे, त्याच्या सवलतींसह, वाचावे. आणि ओहरचे त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. एकाला आपली गोष्ट स्वतः सांगायला मिळाली, दुसऱ्याला आधी सांगितल्या गेलेल्या गोष्टीशी झगडत सांगावी लागली. हा फरक समजावून देणे हे काम वाङ्मयाच्या शिक्षकाचे नसेल तर कुणाचे?

७

मराठीत तरी हा वाद नव्याने घालावा लागू नये. आत्मचरित्र थोरांनीच लिहावे हा समज आपल्याकडे केव्हाच मोडीत निघाला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे. त्या अनुभवांची आणि अमेरिकी मैदानावरच्या पगारदार खेळाडूच्या अनुभवाची तुलना करण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु त्या पुस्तकांनी वाचक म्हणून आपल्याला जे शिकवले ते विसरायचे कसे? सांगण्याचा अधिकार कीर्तीतून येत नाही, जगण्यातून येतो, हे आपण परीक्षेत वीस गुणांसाठी लिहवून घेतो आणि सभागृहात राखीव खेळाडूचे नाव निघाले की हसतो.

आपल्या ग्रंथालयांत खेळाचे कपाट उघडून पाहा. यशोगाथांची रांग असते. विद्यार्थ्यांनी त्या वाचू नयेत असे मी म्हणत नाही. पण आपल्या वर्गातल्या साठ मुलांपैकी अठ्ठावन्न मुलांचे आयुष्य कुठल्या ना कुठल्या क्षेत्रातल्या रोजंदार कारागिराचे असणार आहे: काम चोख येणारे, नाव न होणारे, आणि एखाद्या ऑगस्टमध्ये वही परत मागितली जाईल या धास्तीत जगणारे. त्यांच्यापुढे सतत चेंडू हाती असलेल्याचीच गोष्ट ठेवून आपण त्यांना कोणती वाचनदृष्टी देतो आहोत?

माझी मागणी माफक आहे. आत्मचरित्राच्या अभ्यासपत्रिकेत एक तरी पुस्तक असे असावे, ज्याचा लेखक आपल्या क्षेत्रात पहिला आला नाही. ते ओरियार्डचेच हवे असा आग्रह नाही. आणि ज्या विद्वानांना यावर पुन्हा हसू येईल त्यांनी आधी एक सबंध सामना चेंडूकडे न पाहता, फक्त सेंटरकडे पाहून काढावा. मग आपण बोलू.